पिंपाचं वाद्य, रस्त्याचा सण

लंडनच्या पश्चिम भागात नॉटिंग हिल नावाची एक वस्ती आहे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की तिथं सुतारांना फार मागणी येते. पांढऱ्या खांबांची, कोट्यवधींच्या किमतीची घरं असलेले लोक दारं-खिडक्यांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकून घेतात, बागेपुढं पत्रे उभे करतात आणि दोन-तीन दिवसांसाठी परगावी निघून जातात. नेमके तेव्हाच शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या समाजमंदिरात साठी-सत्तरीच्या बायका डोळ्यांवर चष्मा चढवून नातवंडांच्या पोशाखाला पिसं आणि टिकल्या शिवत असतात. मग रविवार-सोमवार असे दोन दिवस सुमारे दहा लाख माणसं या वस्तीच्या रस्त्यांवर उतरतात. या प्रकाराला नॉटिंग हिल कार्निव्हल म्हणतात. युरोपातला हा सर्वांत मोठा रस्त्यावरचा उत्सव समजला जातो. मुळात तो एका मोहल्ल्यातल्या गरीब काळ्या माणसांचा कलामहोत्सव आहे, आणि आजही त्याचा जीव त्या मोहल्ल्यातच आहे.

हा उत्सव कुणी सुरू केला, यावर तिथं अजून वाद आहे. कुणी म्हणतं क्लॉडिया जोन्स यांनी, १९५९ साली. कुणी म्हणतं ऱ्होन लॅस्लेट यांनी, १९६६ साली. आपल्याला या वादाचं नवल वाटायला नको. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ चा की १८९३ चा, भाऊसाहेब रंगारींचा की लोकमान्यांचा, यावर पुण्यात २०१७ साली केवढी धूळ उडाली होती! माझ्या मते उत्सवाला एक जनक किंवा एक जननी शोधायला जाणंच चुकीचं. पण तारखांच्या या भांडणात एक खरा प्रश्न दडलेला आहे. उत्सव जन्मतो कुठे, सभागृहात की रस्त्यावर? त्याचं उत्तर शोधायला लंडन सोडून आधी ट्रिनिदाद बेटावर जावं लागतं.

ट्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडीजमधलं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला लागून असलेलं बेट. आपल्याला ते क्रिकेटमुळं माहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथं फ्रेंच मळेवाले आले. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ सुरू होण्याआधी ते मुखवटे घालून मेजवान्या करत, नाचत. गुलामांना त्या नाचात जागा नव्हती. गुलामांच्या वाट्याला ऊस होता. उसाच्या फडाला आग लागली की मध्यरात्री शिंगं फुंकून, मशाली पेटवून, चाबकाच्या धाकानं त्यांना आग विझवायला पळवलं जाई. फ्रेंच भाषेत जळत्या उसाला जे शब्द आहेत, त्यांचा लोकांच्या तोंडी ‘कॅनबुले’ झाला. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामी कायद्यानं संपली, प्रत्यक्षात सुटका व्हायला १८३८ साल उजाडलं. सुटलेल्या माणसांनी काय केलं? ज्या रात्रींनी त्यांना छळलं होतं, त्याच रात्रीचं सोंग आणायला सुरुवात केली. मशाली, शिंगं, ढोल, हातात लाठ्या, आणि मळेवाल्यांची नक्कल. आपल्या गावच्या सोंगांत पाटील-सावकाराची टर उडवतात, तसंच.

राज्यकर्त्यांना हे कसं आवडावं? १८८१ च्या कॅनबुलेच्या रात्री पोर्ट ऑफ स्पेन शहरात कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी मशाली विझवायचा प्रयत्न केला आणि मोठी दंगल झाली. १८८४ साली कायदा करून मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन जमणारे जथे बंद करण्यात आले.

आता त्याच बेटावरची, त्याच १८८४ सालातली दुसरी गोष्ट ऐका. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे आणि कार्निव्हलवरच्या लेखांत ते बहुधा गाळलं जातं. गुलामी संपल्यावर ऊस तोडायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर न्यायला सुरुवात केली. ३० मे १८४५ या दिवशी ‘फतेह अल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन ट्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक तिथं गेले. बहुतेक जण कलकत्त्याहून चढलेले, उत्तर प्रदेश-बिहारकडचे, थोडे मद्रासकडचे. बहुसंख्य हिंदू, काही मुसलमान. त्यांनी सोबत काय नेलं? गाठोड्यात बांधता येईल तेवढं आणि डोक्यात राहील तेवढं. त्यात मोहरम होता.

हुसेन-हुसेनचा ट्रिनिदादी उच्चार ‘होसे’ झाला. मळ्यामळ्यांतले मजूर बांबू आणि रंगीत कागदाचे ताजिये बांधत. त्यांना तिथं ‘ताजा’ म्हणतात. दहाव्या दिवशी ते वाजतगाजत समुद्राकडं नेत. खांदा द्यायला हिंदू असत, मुसलमान असत, आणि ढोल वाजवायला शेजारचे काळेही येत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. मिरवणुकीपुढं वाजे तो ‘तासा’. नाव तेच आणि वाद्यही तेच. मातीचं भांडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि वाजवण्याआधी विस्तवावर शेकणं. मी लहानपणी मोहरमात ताशा शेकायचं काम केलं आहे. कातडं किती तापलं हे बोटाच्या एका टिचकीत कळतं, आणि जरा जास्त तापलं की म्हातारे वाजवणारे पोराच्या पाठीत धपाटा घालतात. सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावर हेच काम कुणी पोरगं करत होतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर वाचनात आलं, आणि त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

१८८४ साली सरकारनं होसेच्या मिरवणुकांना हमरस्त्यावर आणि शहरात यायला बंदी केली. मजुरांनी आपापल्या मळ्यातच काय तो ताजा फिरवावा आणि बाहेरच्या, म्हणजे मजूर नसलेल्या काळ्यांनी त्यात सामील होऊ नये, असा दंडक घातला. मजुरांनी अर्ज केला. अर्ज करणाऱ्यांत पुढं होता सुखू नावाचा हिंदू माणूस. मोहरमच्या मिरवणुकीसाठी हिंदूनं अर्ज केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ या दिवशी, आशुऱ्याला, सॅन फर्नांडो गावाच्या वेशीवर ताजे घेऊन आलेल्या जमावावर गोळीबार झाला. मेलेल्यांचा आकडा कुणी नऊ सांगतात, कुणी बावीस. जखमी शंभरावर होते.

एकाच बेटावर, एकाच वर्षी, काळ्यांचा ढोल बंद झाला आणि हिंदी मजुरांचा ताजा रस्त्यावरून हुसकला गेला. राज्यकर्त्यांना भीती ढोलाच्या आवाजाची नव्हतीच. दोन वस्त्यांतली माणसं एका तालावर रस्त्यात येतात, याची होती. त्यानंतर दहाच वर्षांत आपल्याकडंही, १८९३ च्या दंगलींनंतर, पुण्यातल्या ताबुतांपुढून हिंदू शेजारी एकाएकी कमी झाले. कारणं वेगळी होती, माणसं वेगळी होती. मी तुलना ताणत नाही. पण रस्ता एकदा वाटला गेला की पुन्हा एक व्हायला किती पिढ्या जातात, हे दोन्हीकडच्या लोकांनी पाहिलं आहे. ट्रिनिदादमध्ये होसे मात्र टिकला. सेंट जेम्स आणि सेड्रोस या गावांत तो आजही निघतो.

ढोल गेल्यावर काळ्या लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे, मोटारींचे सुटे भाग, कचऱ्याची झाकणं. ट्रिनिदादमध्ये खनिज तेल सापडलं होतं आणि युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचे तळही तिथं होते. रिकाम्या तेलाच्या पिंपांना तोटा नव्हता. १९३० ते १९५० या काळात गरीब वस्त्यांतल्या पोरांनी पिंपाचा तळ हातोडीनं ठोकून खोलगट केला, त्यात लहान-मोठे खळगे पाडले आणि प्रत्येक खळग्यातून वेगळा स्वर काढला. हा स्टीलपॅन. एली मॅनेट आणि विन्स्टन ‘स्प्री’ सायमन ही त्यातली दोन मोठी नावं. पिंपावर ठोकून ठोकून सूर लावायचा, ही कल्पना मला आमच्याकडच्या तांबटांच्या कामासारखी वाटते. फरक एवढाच की तांबट भांडं घडवतो आणि आवाज फुकट जातो, यांनी आवाज घडवला.

हे वाद्य लंडनला पोचलं १९५१ साली, ब्रिटनच्या एका सरकारी प्रदर्शन-महोत्सवासाठी. ट्रिनिदादहून अकरा वादकांचा ताफा आला. टेम्सच्या काठावर ती गंजकी पिंपं मांडली गेली तेव्हा लोक हसले, आणि सूर निघाल्यावर गप्प झाले, असं सांगतात. त्यांतला स्टर्लिंग बेटनकोर्ट लंडनलाच राहिला. रसेल हेंडरसन नावाचा ट्रिनिदादचा पियानोवादकही त्याच वर्षी तिथं आला. हेंडरसन पुढं या कथेत येतो.

त्याआधी तीन वर्षं, जून १९४८ मध्ये, ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज वेस्ट इंडीजमधून आठशेच्या आसपास माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलं होतं. युद्धानं ब्रिटन मोडलं होतं. बस चालवायला, इस्पितळांत, कारखान्यांत माणसं हवी होती. त्या जहाजावर लॉर्ड किचनर नावाचा गायकही होता. त्याचं खरं नाव आल्डविन रॉबर्ट्स. कॅलिप्सो गाणारे असली दांडगी नावं घेतात: लॉर्ड अमुक, मायटी तमुक. कॅलिप्सो म्हणजे बातमीपत्र, चावटपणा आणि राजकारण एकाच चालीवर. दोन गायक समोरासमोर उभे राहून ऐन वेळी रचलेल्या ओळींनी एकमेकांची खिल्ली उडवतात तो प्रकार तर आपल्या कलगी-तुऱ्याचा सख्खा भाऊ शोभावा.

आलेल्या माणसांना काम मिळालं, घर मिळेना. ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या खिडक्यांत असत. नॉटिंग हिल तेव्हा आजच्यासारखं श्रीमंत नव्हतं. एका मजल्यावर चार-चार कुटुंबं, एक नळ, गळकी छपरं. पीटर रॅकमन नावाचा घरमालक तिथं काळ्यांना खोल्या देई, पण भाडं अव्वाच्या सव्वा आणि वसुलीला गुंड. त्याच्या नावावरून असल्या धंद्याला इंग्रजीत शब्दच पडला.

ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस या वस्तीत गोऱ्या टोळक्यांनी काळ्यांच्या घरांवर हल्ले सुरू केले. पेट्रोलचे बाँब, सायकलच्या साखळ्या, दगड. हा प्रकार आठवडाभर चालला. शंभराहून अधिक लोकांवर खटले भरले गेले, नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली.

इथं क्लॉडिया जोन्स येतात. १९१५ साली पोर्ट ऑफ स्पेनला जन्म, लहानपणीच आईवडिलांमागोमाग न्यूयॉर्क, तिथं गरिबी, सतरा-अठराव्या वर्षी क्षय. फुप्फुसं कायमची अधू झाली. कम्युनिस्ट पक्षात गेल्या, लिहू लागल्या, तुरुंगात गेल्या आणि १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेनं त्यांना हद्दपार केलं. ट्रिनिदादच्या ब्रिटिश प्रशासनालाही ही बाई नको होती, म्हणून त्या लंडनला आल्या. आपले शाहीर अमर शेख त्यांच्याहून एकाच वर्षानं लहान; दोघांची भेट झाली असती तर बरं जमलं असतं, असं मला उगीचच वाटतं. मार्च १९५८ मध्ये क्लॉडियाबाईंनी ब्रिक्स्टनमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानावरच्या खोलीत ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू केलं. पैसे कधीच पुरत नसत.

दंगलीनंतर काय करावं, याची चर्चा त्या खोलीत झाली. मोर्चा काढता आला असता, निवेदन देता आलं असतं. तेही त्यांनी केलंच. पण त्यांनी कार्निव्हलचा घाट घातला. ३० जानेवारी १९५९ ला, लंडनच्या कडाक्याच्या थंडीत, सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल झाला. दिग्दर्शन एड्रिक कॉनर यांचं. स्टीलपॅन, कॅलिप्सो, नाच, सौंदर्यस्पर्धा. बीबीसीनं तो दूरचित्रवाणीवर दाखवला. सौंदर्यस्पर्धा आज कुणाला खटकेल. पण काळी मुलगी सुंदर असते हे तोवर त्या देशात कुणी जाहीर व्यासपीठावरून म्हटलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

मला सर्वांत जास्त भावते ती या कार्यक्रमाच्या छापील पुस्तिकेतली एक सूचना. पुस्तिकेच्या विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात दंड झालेल्या तरुणांचा दंड भरायला वापरला जाईल, असं तीत म्हटलं होतं. काळ्याही आणि गोऱ्याही तरुणांचा. ज्यांनी दगड मारले असतील, त्यांच्यातल्या काहींचा दंडही! मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आपल्याकडच्या दंगलींनंतर किती मदतफेऱ्या निघाल्या. अशी ओळ छापायची हिंमत कुणाला झाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

द्वेष त्यानं संपला नाही. १७ मे १९५९ च्या रात्री केल्सो कॉक्रन हा ३२ वर्षांचा अँटिग्वाचा सुतार अंगठ्याला झालेल्या दुखापतीवर उपचार घेऊन इस्पितळातून घरी परतत होता. साउथॅम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गोऱ्या टोळक्यानं त्याला भोसकलं. हजाराहून अधिक लोक, काळे आणि गोरे, त्याच्या अंत्ययात्रेला होते. त्या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्वाल्ड मोस्ले हा फॅसिस्ट पुढारी याच मतदारसंघातून निवडणुकीला उभा राहिला, आणि अनामत रक्कम गमावून परतला. क्लॉडियाबाई सभागृहांतले कार्निव्हल पुढं दर वर्षी भरवत राहिल्या. १९६४ च्या नाताळात त्या एकट्याच आपल्या खोलीत वारल्या. वय ४९. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या डावीकडं त्यांची जागा आहे.

आता ऱ्होन लॅस्लेट. ही लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जन्मलेली समाजकार्यकर्ती. आई अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, वडील रशियन. टॅव्हिस्टॉक क्रेसेंटवरच्या त्यांच्या घरी वस्तीतल्या मुलांसाठी खेळघर चाले, आणि भाडेकरू कागदपत्रं घेऊन सल्ल्याला येत. मे १९६६ मध्ये मुहंमद अली हेन्री कूपरशी लढायला लंडनला आला होता, तेव्हा तोही त्या खेळघरातल्या मुलांना भेटून गेला. सप्टेंबर १९६६ मध्ये लॅस्लेटबाईंनी वस्तीची जत्रा भरवायचं ठरवलं. आयरिश, स्पॅनिश, युक्रेनियन, सायप्रसचे, आफ्रिकी, हिंदी, कॅरिबियन, जे कुणी तिथं राहतात त्या सगळ्यांनी आपापलं काही आणावं. नगरपालिकेनं आधी हो म्हणून नंतर हात काढून घेतला. जत्रा तरीही झाली.

तीत रसेल हेंडरसनच्या चमूला बोलावलं होतं. हे लोक दर रविवारी अर्ल्स कोर्टच्या एका पबमध्ये पॅन वाजवत. एका ठिकाणी उभं राहून वाजवणं मुलांना कंटाळवाणं होतंय, हे हेंडरसनच्या ध्यानात आलं. त्यांनी पॅन गळ्यात अडकवून चालायला सुरुवात केली. ठरलेला मार्ग नव्हता. खिडक्या उघडल्या, बायका हातातलं काम टाकून खाली आल्या, पोरं मागून निघाली. ट्रिनिदादच्या माणसाला तो आवाज रस्त्यावरून येताना ऐकून काय वाटलं असेल! सभागृहातल्या कार्निव्हलला तोवर प्रेक्षक होते. त्या दिवशी प्रेक्षक संपले. माझं मत विचाराल तर क्लॉडियाबाईंनी या उत्सवाला कारण दिलं, लॅस्लेटबाईंनी जागा दिली आणि हेंडरसननं पाय दिले.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. मार्च १९६८ मध्ये फ्रँक क्रिचलो यांनी ऑल सेंट्स रोडवर मँग्रोव्ह नावाचं खानावळवजा उपाहारगृह काढलं. ते वस्तीचा कट्टाच झालं. पोलिसांनी तिथं दीड वर्षात बारा धाडी घातल्या, हाती काही लागलं नाही. ९ ऑगस्ट १९७० ला त्याविरुद्ध दीडशे लोकांचा मोर्चा निघाला, बंदोबस्ताला शेकडो पोलीस. नऊ जणांवर दंगलीचा खटला झाला. अल्थिया जोन्स-लकॉइंट आणि डार्कस हाउ यांनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली, आणि डिसेंबर १९७१ मध्ये दंगलीच्या मुख्य आरोपातून सगळे सुटले. न्यायाधीशांनी पोलिसांतल्याही वंशद्वेषाची नोंद निकालाच्या वेळी केली. अल्थिया ज्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत होत्या तिच्यात आपल्या पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी हेही होते. तेव्हा ते लंडनच्या शाळांत शिकवत. ते पुढं हाउ यांच्या ‘रेस टुडे’ या नियतकालिकात गेले, आणि त्या मंडळींनी कार्निव्हलमध्ये आपला वेशधारी ताफाही उतरवला. अमेरिकेतल्या त्याच पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवारांच्या पिढीनं काय उभं केलं, ते मराठी माणसाला सांगायला नको.

१९७३ पासून लेस्ली पामर या ट्रिनिदादी शिक्षकानं कार्निव्हलची सूत्रं घेतली आणि त्याचं रूप पालटलं. नव्या वेस्टवे उड्डाणमार्गासाठी वस्तीतली कितीतरी घरं पाडली गेली होती. त्या पुलाखालच्या अंधारात पामरनं जमैकन तरुणांच्या ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या केल्या. ट्रिनिदादच्या जुन्या लोकांनी नाकं मुरडली. आपल्याकडं डीजेच्या भिंतींवर मुरडतात तशीच. पण इथं जन्मलेली काळी पोरं त्यामुळंच कार्निव्हलला आली, गर्दी हजारांवरून लाखांवर गेली. १९७६ साली तिथं तीन हजार पोलीस आणून ठेवले. झटापट झाली, शंभराहून अधिक पोलिसांना इस्पितळात न्यावं लागलं, कित्येक तरुणही जखमी झाले. कार्निव्हल बंद करा, नाहीतर एखाद्या मैदानात हलवा, ही मागणी तेव्हापासून दर वर्षी होते.

मी २०१८ साली भाच्याकडं लंडनला गेलो होतो तेव्हा सोमवारी कार्निव्हल पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा त्यात सापडलो. अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपात निखारे घालून कोंबडी भाजत होते, आणि पन्नास पावलांवर तशाच पिंपातून सूर निघत होता. बापाच्या खांद्यावर बसलेली, कानांवर आवाज अडवणारी गोंडस कानझाकणी लावलेली पोरं. फळ्या ठोकलेल्या घरांवर कुणी मोठमोठी चित्रं काढलेली. एका पुरुषभर उंच पंखांच्या पोशाखातली आजी पायरीवर बसून चहा पीत होती. भाच्यानं विचारलं तर म्हणाली, चाळीस वर्षं शिवतेय, पोशाख जड होत चाललाय की मी हलकी, कळत नाही.

दुपारी तीन वाजता सगळं थांबलं. ग्रेनफेल टॉवर तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. १४ जून २०१७ च्या रात्री ती २४ मजली इमारत पेटली आणि ७२ माणसं गेली. ते रमजानचे दिवस होते. सहरीसाठी जागे असलेल्या मुसलमान कुटुंबांनी शेजाऱ्यांची दारं ठोठावली, अशा आठवणी वाचलेल्या लोकांनी सांगितल्या आहेत. ते मृत्यू टाळता आले असते, असं सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. कार्निव्हलमध्ये त्यांच्यासाठी ७२ सेकंद शांतता पाळतात. लाखो माणसं, शेकडो कर्णे, आणि एकदम काही नाही. कुठंतरी लहान मूल रडत होतं तेवढंच. खूप जणांनी अंगावर हिरवं काही लावलं होतं. ग्रेनफेलच्या स्मृतीचा तो रंग. माझ्या मनात हिरव्याचे दुसरेच अर्थ, ते सगळे त्या क्षणी गोळा झाले.

त्या बहात्तरांत खदिजा साये होती. २४ वर्षांची, गांबियाच्या आईबापांची मुलगी, वडील मुसलमान आणि आई ख्रिस्ती. विसाव्या मजल्यावर आईबरोबर राहायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं, पत्र्यावर रसायनाचा लेप देऊन ती स्वतःची छायाचित्रं काढी. हातात तावीज, पूजेच्या वस्तू. त्याच उन्हाळ्यात व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात तिची छायाचित्रं लागलेली होती. २०२० साली ती मोठ्या आकारात नॉटिंग हिलच्या रस्त्यावर, इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावली गेली. करोनामुळं त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी रस्त्यावरचा कार्निव्हल झाला नाही. ताफे नसलेल्या त्या वस्तीत खदिजाची छायाचित्रं तेवढी होती.

मैदानात हलवा, ही मागणी करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. अरुंद गल्ल्या, चेंगराचेंगरीची भीती, चाकूचे वार, हे खोटं नाही. २०२५ साली गर्दीच्या सुरक्षेसाठी लंडनचा महापौर आणि दोन नगरपालिकांना मिळून साडेनऊ लाख पौंडांहून अधिक रक्कम घालावी लागली. हाइड पार्क प्रशस्त आहे, तिथं कुंपण घालता येतं, तिकीटही लावता येतं.

माझ्या गावात काही वर्षांपूर्वी वाहतुकीच्या सोयीसाठी ताबुतांचा मार्ग बदलला. जुना मार्ग पाटलांच्या वाड्यावरून जायचा. तिथं वहिनीसाहेब खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालत, सगळ्यांना सरबत मिळे, मग ताबूत पुढं सरके. नवा रस्ता रुंद आहे, डांबरी आहे, दिव्यांचा लखलखाट आहे. त्यावर कुणाचंच घर नाही. पहिल्या वर्षी वहिनीसाहेब घागर घेऊन नव्या रस्त्यापर्यंत चालत आल्या. दुसऱ्या वर्षी गुडघ्यांनी साथ दिली नाही. आता घरोघरी चोंगे होतात, ताबूतही निघतो, अर्ध्या तासात पोचतोही.

रसेल हेंडरसन १८ ऑगस्ट २०१५ ला गेले. वय ९१. कार्निव्हल बारा दिवसांवर होता. त्या वर्षीही तो ठरल्याप्रमाणं लॅडब्रोक ग्रोव्हच्या रस्त्यावरूनच गेला.